देवळाचा वास अंगाला

नाकाडोंगरीच्या बाजारात तो अत्तर विकायचा. मी तेव्हा चिखल्याच्या मँगनीज खाणीत हजेरी-कारकून होतो. मोहाची फुलं आणि धुपात जाळतात तो सालईचा डिंक तिळाच्या तेलात मुरवून तो एकच अत्तर करायचा. त्या अत्तराला आरतीच्या वेळच्या देवळाचा वास यायचा. कुणी काही विचारलं की तो आधी स्वतःचं मनगट हुंगायचा, मगच बोलायचा.

सुट्टीच्या दिवशी जंगलातून सालईचा डिंक आणणाऱ्या खाणीतल्या बाया ते हौसेनं लावायच्या. एका बाजाराच्या दिवशी देवळाचे पंच आले.

"देवाचा धूप या बायायच्या अंगाले लावून राहिला काय? बंद कर, नाही त दुकान उचल!"

त्यानं मनगट हुंगलं. "देवाच्या धुपासाठी सालई जंगलातून कोन आनते, मालक? याच बाया. देवाले चालते, मंग यायले काहून नाही?"

पंचांनी दुकानाला लाथ मारली. बाटल्या फुटल्या. काचा सारून त्यानं सांडलेल्या अत्तरात बोटं बुडवली आणि एकेका बाईच्या मनगटाला लावली.

"चाला," तो म्हणाला, "आरतीची वेळ झाली."

बाया त्याच्यामागं थेट देवळाकडे निघाल्या. पंच बघत राहिले. मीही मनगट पुढं केलं आणि त्यांच्यात सामील झालो.