कुंदाताईंचं 'ताबुन'

वाक्याचा पहिला शब्द उच्चारला की कुंदाताई हात वर करून आम्हाला थांबवायच्या. "आता हे वाक्य कुठे जाऊन संपणार, ते आधी सांग." जपानीत सुरुवातीला 'मोशिकाशितारा', म्हणजे 'न जाणो', म्हटलं असेल, तर शेवटी 'कामोशिरेनाइ', म्हणजे 'असेलही', यायला हवं. "शंका घेऊन निघालीस ना पोरी? मग खात्रीच्या दारात कशी उतरशील? चालो, परत."

सुरतेला लिंबायतमध्ये त्यांच्या पुढच्या खोलीत आम्ही काही मुली जपानी शिकायचो. आम्हाला तिकडे वृद्धांच्या सेवेची नोकरी हवी होती. ताई मात्र पन्नाशी उलटल्यावर ही भाषा शिकल्या, ती नातवासाठी. मुलगी ओसाकात स्थायिक झालेली. तिच्या मुलाला, हारुला, मराठी येत नव्हती.

एकदा शिकवणी चालू असतानाच हारुचा फोन आला. उन्हाळ्यात येशील का, असं ताईंनी विचारलं. तो म्हणाला, "ताबुन." फोन ठेवून त्या हसत आमच्याकडे वळल्या. "शब्दकोशात 'कदाचित' लिहिलंय. पण आपल्या 'कदाचित'पेक्षा हा शब्द येण्याच्या बाजूला जास्त झुकतो. 'बहुधा' म्हणा." त्याच आठवड्यात त्यांनी नवी गादी भरून घेतली.

हारु आला नाही, परीक्षा होत्या. पुढच्या वर्षी विचारलं तेव्हा म्हणाला, "मोशिकाशितारा, इकेरु कामोशिरेनाइ." जमलं तर जमेलही. ताईंनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं, आम्हा सगळ्यांकडून म्हणून घेतलं. "व्याकरण अगदी बिनचूक आहे त्याचं," म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मला ओसाकाजवळ नोकरी लागली. निरोप घेताना मी म्हटलं, "ताई, दिवाळीला कित्तो येईन. नक्की."

"'कित्तो'त बोलणाऱ्याचा विश्वास असतो गं, घडण्याची हमी नसते," त्या म्हणाल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "तरी म्हण. ऐकायला बरं वाटतं."

दिवाळीच्या आधीच त्या गेल्या. मला रजा मिळाली नाही. बातमी कळली त्याच संध्याकाळी हारुचा फोन आला. माझा नंबर ताईंनीच त्याला देऊन ठेवला होता. 'आइताकात्ता'ला मराठीत काय म्हणतात, असं त्याने विचारलं.

मी सांगितलं, "भेटायचं होतं."

तो सावकाश म्हणून बघू लागला. "आजी, भेतायचं होतं." 'ट' त्याला जमेना. तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि थोड्या वेळाने मीही त्याच्याबरोबर म्हणू लागले.