पँगो नसलेल्या लॅपटॉपवर निघालेला फोटो

आमच्या घरात भूत-प्रेत, अंगात येणं, लिंबू-मिरची... कशालाच जागा नव्हती. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच हे सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. त्यात मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. मशीन बिघडलं की त्याला कारण असतंच, आणि ते शोधायचाच मला पगार मिळतो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण कुठेतरी सांगायला हवं.

आमचं गाव आसेगाव, तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशीम. माझा धाकटा भाऊ सुमेध गावातच राहून कॉम्प्युटरची कामं करायचा. त्यानं नोड-जेएसमध्ये एक प्रोग्रॅम लिहिला होता — मोबाइलवरचा कसाही फोटो द्या, तो चेहरा नीट कापून, मागची गर्दी पुसून, खाली मराठीत नाव घालून छापायला तयार चित्र द्यायचा. लग्नाचं, वाढदिवसाचं... आणि कोणी गेलं तर नावाआधी ‘कालकथित’ घालून जलदान विधीत मांडायचा फोटो. आसपासच्या कितीतरी घरांत भिंतीवर त्याचं काम आहे.

मागच्या उन्हाळ्यात मंगरूळपीरहून येताना त्याच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं. लॅपटॉप पाठीवरच्या बॅगेत होता. दोघंही गेले.

जलदानाच्या आदल्या दिवशी, दुपारी, चुलतभाऊ त्याचा फोटो छापायला वाशीमला निघाला. नाव स्टुडिओवाला घालून देणार होता. तेवढ्यात आई म्हणाली, “साऱ्या गावाचे फोटो त्यानं केले. त्याचा कायले दुसऱ्याकून करता? त्याच्याच प्रोग्रामवर कर.”

सुमेध गेल्यापासून ती रडली नव्हती, धड बोललीही नव्हती. पहिल्यांदाच काही मागत होती. नाही कसं म्हणणार?

कोड माझ्याकडे होता. त्यानंच कधीतरी ‘बघ ना ताई’ म्हणून पाठवलेला. माझ्या लॅपटॉपवर चालवला — लगेच एरर. पँगो नावाची लायब्ररी सापडत नाही म्हणे. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: असा प्रोग्रॅम अक्षरं स्वतः काढत नाही, सिस्टिममध्ये आधी बसवलेल्या लायब्रऱ्यांकडून काढून घेतो. त्यातली पँगो अक्षरांची मांडणी करते. ती नसली तर सुमेधचा प्रोग्रॅम सुरूच होत नव्हता. रोग कळला, औषधही माहीत होतं, फक्त ते इंटरनेटवरून उतरवायचं होतं... आणि गावात त्या दिवशी रेंजचा पत्ता नाही. गच्चीवर गेले, विहाराच्या ओट्यावर जाऊन बसले. डाउनलोड सुरू व्हायचं आणि मध्येच मान टाकायचं.

चुलतभाऊ अंगणात गाडीपाशी ताटकळत होता. “ताई, स्टुडिओ बंद होईन. देऊ दे त्यालेच.”

मी त्याच्यावर उगाच खेकसले. मग मलाच रडू आलं. एवढी शिकले-सवरले, आणि आईचं एवढंसं काम माझ्याच्यानं होईना.

आई आतून आली आणि बाजेवर माझ्याशेजारी बसली. लॅपटॉपच्या कडेवर हात ठेवला आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, “बापू, पुरे कर आता. भाकर थंडी होऊन राह्यली.”

सुमेध कामात बुडालेला असला की ती त्याला हेच म्हणायची. मला वाटलं, तिचं भान गेलंय. काहीतरी करायचं म्हणून मी तीच कमांड पुन्हा दिली.

एरर आली नाही.

फोल्डरमध्ये फोटो तयार होता. जऊळका गावच्या एका लग्नातला, हसणारा. मागची गर्दी पुसलेली. खाली ‘कालकथित सुमेध’ — वेलांटी, मात्रा, सगळं जागच्या जागी. आईनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. “कालकथित,” तिनं हळूच वाचलं, आणि मग ती रडली. खूप वेळ रडली. मी फोटो पेनड्राइव्हवर घेऊन चुलतभावाच्या हातात दिला.

पुण्याला परतल्यावर लॅपटॉप तपासला. मला वाटलं होतं, शेवटी कधीतरी रेंज आली असेल आणि डाउनलोड पूर्ण झालं असेल. नव्हतं झालं. अर्धवट फाइल तशीच पडलेली, पँगो कुठेच नाही. प्रोग्रॅम चालवला — तीच एरर. ऑफिसातला एक मित्र आधी हसला, “दुसऱ्या फोल्डरमध्ये असेल गं.” मग त्यानं स्वतः सगळं उपसून पाहिलं आणि “नाहीये गं” म्हणत लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. फोटो मात्र आहे. आसेगावला भिंतीवर आहे, माझ्याकडेही आहे.

कोणाला कारण सुचलं तर जरूर सांगा, मला खरंच ऐकायचंय. मला सापडलेलं नाही.

पँगो बसवणं इथे चुटकीसरशी होईल. इथे रेंज भरपूर आहे. पण मी अजून बसवलेली नाही. एकदा बसवली की तो प्रोग्रॅम कोणाच्याही हातून चालेल.