दोन आडनावांची चेनवाली

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली जेमतेम एक मशीन मावेल एवढी खोली आहे. तिथे बसून एक बाई बॅगांच्या, जॅकेटांच्या, पर्सच्या चेनी बदलून देते. नाव तिला आहे, पण सगळे चेनवालीच म्हणतात आणि फोन उचलल्यावर तीही "हां, चेनवाली बोलतेय" असंच म्हणते. तोंडात टाचण्या धरलेल्या असतात म्हणून ती कमी बोलते, असा लोकांचा समज आहे. टाचण्या काढल्या तरी ती कमीच बोलते.

या बाईने आयुष्यात एक मोठा मूर्खपणा केला, आणि तो असा की करताना कुणालाही शहाणपणाच वाटावा. घटस्फोट झाल्यावर वर्षभरात तिने माहेरचं आडनाव परत लावून घेतलं. रीतसर, अर्ज देऊन. त्या अर्जाला कोर्टाच्या हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल जोडायची होती. तिच्याजवळ एकच होती. ती तिने देऊन टाकली आणि नव्या आडनावाचं ओळखपत्र घेऊन पेढे वाटल्यासारखी सगळ्या मजल्यांवर दाखवत फिरली.

"दुसरी नक्कल काढून ठेवली नाहीस?" मी पुढे एकदा विचारलं.

"आता कशाला लागतोय मावशी तो कागद? सुटले ना."

तिच्याकडे उरली होती ती त्या नकलेची झेरॉक्स, दुकानदाराची शाई संपत आली असताना काढलेली. त्यात न्यायाधीशांची सही म्हणजे मुंगी चालून गेल्यासारखी दिसे.

मुलगी आठ वर्षांची. हुकूमनाम्यात स्पष्ट होतं: मुलीचा ताबा आईकडे, मोठ्या सुट्टीत पंधरा दिवस बापाकडे. चार वर्षं ते सुरळीत चाललं. या वर्षी पंधरावा दिवस रविवारी आला. मुलगी आली नाही. सोमवारी सकाळी फोनवर तिनेच सांगितलं, "आई, बाबांना दुसरीकडे नोकरी लागलीय. माझी शाळा पण बदलली. शनिवारी जायचंय आम्हाला." नंतर तो फोन लागलाच नाही.

मंगळवारी चेनवाली पोलीस चौकीतला शिपाई घेऊन नवऱ्याच्या दारात गेली. नवऱ्याने आतून एक कागद आणला. खणखणीत शिक्का, निळी सही. निकाल लागण्याआधी, दावा चालू असताना कोर्टाने काही महिने मुलीला बापाकडे ठेवलं होतं, त्याचा तो हंगामी आदेश. चेनवालीने आपली झेरॉक्स पुढे केली. शिपायाने दोन्ही कागद उजेडात धरले आणि जो वाचता आला तो खरा मानला.

"बाई, शिक्क्याचा कागद आणा, मग बघू."

मुलगी वरच्या खिडकीत उभी होती. परत येऊन चेनवाली एवढंच म्हणाली, "ती हाक मारत होती मावशी, आणि मी तिला हाताने गप्प बस म्हटलं."

बुधवारी मी तिच्याबरोबर कोर्टात गेले. कुटुंबाचं कोर्ट म्हणजे बाहेरून कुठलंही सरकारी ऑफिस. तळमजल्यावर तीन खिडक्या: एक नवे दावे दाखल करायची, एक तारखा विचारायची, एक नकलांची. नकलेच्या खिडकीत बसलेल्या कारकुनाने अर्ज वाचला, ओळखपत्र वाचलं, पुन्हा अर्ज वाचला.

"दाव्यात हे आडनाव नाही."

"ते माझं सासरचं होतं. मी बदललं."

"मग बदलल्याचा पुरावा?"

"हे ओळखपत्र."

"यावर जुनं आडनाव कुठाय? तुम्ही म्हणजेच ती, हे मी कशावरून धरू? ही घरगुती प्रकरणं आहेत बाई. पक्षकाराशिवाय कुणाला कागद दाखवत नाही आम्ही. उद्या कुणीही येईल, म्हणेल मी अमक्याची बायको."

"मग काय आणू?"

"घटस्फोटाचा हुकूमनामा आणा. त्यात दिसेल."

"तोच तर मागतेय."

कारकुनाने अर्ज खिडकीबाहेर सरकवला. वाईट माणूस नव्हता. पण मी ज्या शांततेने बोलायचं ठरवून गेले होते ती तिथेच संपली. "अहो, त्या फाइलमध्ये हिच्या पन्नास सह्या असतील. काढा आणि पडताळून बघा की."

"फाइल उघडायलाच परवानगी लागते आजी. ती पक्षकारालाच मिळते."

"आणि हिच्या नवऱ्याने अर्ज केला तर?"

"त्यांना उद्या सकाळी मिळेल. त्यांचं नाव तेच आहे ना."

माझ्या मागे रांगेत उभा असलेला एक वकील फिसकन हसला. मी वळून पाहिलं तेव्हा तो मोबाइलमध्ये तोंड घालून उभा होता.

आडनाव बदललं त्या कार्यालयाकडूनही दाखला मिळतो, त्याला पंधरा दिवस लागतात. तिचा त्या वेळचा वकील गाव सोडून गेलेला. नवा वकील म्हणाला, घाईचा अर्ज टाकू, सोमवारी पुढे येईल. प्रत्येक जण सोमवार म्हणत होता आणि मुलगी शनिवारी जाणार होती. गुरुवारी पुन्हा गेलो. चेनवालीने दोन दिवस भाताचं शीत तोंडात घातलं नव्हतं. खिडकीवर ती ओरडली नाही, रडली नाही. हात जोडायला लागली तेव्हा मात्र मी तिचे हात खाली ओढले. सरकारी खिडकीवर हात जोडले की माणूस आणखीच संशयित दिसतो.

कारकुनाने आपण होऊन दाव्यांची नोंदवही पुढे ओढली. ती त्याच्या टेबलावरच असते, तिला परवानगी लागत नाही. "या दाव्यातलं कुणीतरी येऊन सांगू दे, हीच ती बाई म्हणून. मी साहेबांची सही घेतो. पक्षकार नाहीतर साक्षीदार." त्याने बोट फिरवलं. "साक्षीदार एकच आहे. नवऱ्याची आई."

सासूने कोर्टात काय साक्ष दिली होती ते मला माहीत होतं, कारण चेनवालीला ती पाठ आहे. "हिला पोरीपेक्षा मशीन प्यारी. पोर रडत असली तरी हिचा पाय पॅडलवरून निघत नाही."

"ती येणार नाही," चेनवाली म्हणाली.

"विचारून तर बघ."

"तिच्या पाया पडण्यापेक्षा..." तिने वाक्य सोडून दिलं आणि निघाली.

म्हातारी संध्याकाळी गुडघ्यांच्या व्यायामाला दवाखान्यात जाते. तिथल्या बाकावर आम्ही तिला गाठलं. चेनवालीने आठ-दहा वाक्यांत सगळं सांगितलं. इतकं एकदम बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. सासू गुडघा चोळत ऐकत राहिली.

"वाळलीस अगदी," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "या कोण?"

"वरच्या मजल्यावरच्या मावशी."

"हं. मला नेत नाहीये तो. तिकडे जागा लहान आहे म्हणे. तुझ्या बहिणीकडे राहा म्हणाला. पोर नेतो आणि आईला बहिणीच्या दारात ठेवतो."

"तुम्ही याल का?"

"साक्ष तेव्हा दिली ती खोटी नव्हती. तुझा पाय पॅडलवरून निघत नव्हताच."

"तो निघाला असता तर त्या घरात खायला कोण घालणार होतं?"

डॉक्टरांनी आत बोलावलं, म्हातारी उठली. "किती वाजता यायचं?" जाता जाता तिने विचारलं.

शुक्रवारी साडेअकराला ती आली. कारकुनासमोर उभी राहून म्हणाली, "हीच ती. नऊ वर्षं माझ्या घरात होती, ओळखणार नाही का मी?" सही केली. साहेबांची सही व्हायला एक वाजला, नक्कल तयार व्हायला साडेतीन होतील असं कळलं. तेव्हा म्हातारी शांतपणे म्हणाली, "आणि ऐक. गाडी उद्याची नाही. आजच जातोय तो. चारची बस."

मी म्हटलं, "हे आधी सांगायचं नाही?"

"आधी सांगितलं असतं तर ही इथे थांबली असती का? कागद तसाच राहिला असता."

नक्कल दुसऱ्या कुणाला देत नाहीत, मिळाल्याची सही पक्षकाराचीच लागते. चेनवाली भिंतीला टेकली. एकदा दाराकडे बघे, एकदा खिडकीकडे. "बिनकागदाची जाऊन काय करू? पुन्हा तिला गप्प बस म्हणू?"

"तू थांब," सासू म्हणाली. "मी जाते स्टँडवर."

"तुम्ही काय करणार?"

"माझे गुडघे करतील ते."

नक्कल हातात पडली तेव्हा चाराला दहा कमी होते. टॅक्सीत चेनवाली तो कागद छातीशी धरून बसली होती आणि चालकाला एक शब्द बोलत नव्हती. बोलायचं काम मी केलं, तो बिचारा अजून मला शिव्या देत असेल.

बस उभी होती. दाराच्या पायरीवर म्हातारी बसली होती, नातीला मांडीवर गच्च धरून. "गुडघा अडकलाय माझा. उठता येत नाही," असं ती प्रत्येकाला सांगत होती. आतले प्रवासी ओरडत होते, ड्रायव्हर कपाळ बडवत होता, आणि तिचा मुलगा म्हणत होता, "आई, तमाशा पुरे." स्टँडवरचा हवालदार आलेलाच होता.

त्याने आमची नक्कल घेतली आणि चारही पानं ओळीवर बोट ठेवून वाचली. मग ओळखपत्र मागितलं. मला कळायला हवं होतं. "यात आडनाव वेगळं आहे."

चेनवालीचा चेहरा मी बघितला नाही. बघवला नसता.

"या गृहस्थांना विचारा ना, ही कोण," मी म्हटलं.

"मी ओळखत नाही असं कुठे म्हणतोय?" नवरा म्हणाला. "पण साहेब, तुम्ही कागदावर जाणार की नाही?" आणि त्याने आपला कागद काढला.

मी दोन्ही तारखा हवालदाराला दाखवल्या. नवऱ्याच्या कागदाखाली 'अंतिम निकाल होईपर्यंत' असं छापलेलं होतं, त्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं. पायरीवरून म्हातारी म्हणाली, "आणि ही तीच. मी आत्ताच कोर्टात लिहून देऊन आलेय. पुन्हा पुन्हा काय विचारता?"

हवालदार वैतागला होता. "मी काही कोर्ट नाही. मुलगी या गाडीत बसणार नाही. आजीजवळ राहील, सोमवारी साडेदहाला सगळे कोर्टात या. मुलगी आजीबरोबर, आजी म्हणतात त्या त्यांच्या बहिणीकडे, तुम्ही दोघंही तिकडे फिरकायचं नाही."

बापाने बॅगा उतरवल्या आणि बस गेली. मुलगी आईला घट्ट धरून होती. "मग मी आता कुठे जायचं?"

"आजीबरोबर," चेनवाली म्हणाली. "दोन रात्री." तिने मुलीची बोटं एकेक करून सोडवली. मग हवालदारापुढे जाऊन उभी राहिली.

"लिहून द्या."

"अहो, दोन दिवसांचा तर प्रश्न."

"मुलगी कुणाकडे दिली, किती वाजता, कधीपर्यंत, सगळं लिहून द्या. शिक्का मारून."

तो कुरकुरत डायरी काढून लिहायला लागला. तिच्या नावाशी आल्यावर पेन थांबलं. ती त्याच्या खांद्याशी वाकली आणि दोन्ही आडनावं त्याला अक्षर अक्षर सांगू लागली.