गाभण बकरी आणि देशमुख बाई

बालवाडीतलं एखादं पोरगं चित्र काढत असलं, की देशमुख बाई त्याच्याशेजारी जमिनीवर बसत आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवत. मला वाटलं, कंबर दुखत असेल. नंतर कळलं, आपला हात त्या कागदावर जाऊ नये म्हणून ही खबरदारी. "पोराचा कागद म्हंजे त्याचं घर. बोलावल्याबिगर शिरायचं नाय," असं त्या म्हणत.

मूळच्या पाचोडच्या बाई सिडकोतल्या आमच्या शाळेत चित्रकला शिकवून यंदा निवृत्त झाल्या. मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा माझ्याकडे नवीकोरी पदविका होती आणि ती कुणावर तरी वापरायचीच होती. पाच वर्षांचा सोहम सापडला. त्यानं बकरी काढली होती आणि तिच्या पोटात पिल्लू. पोटातलं बाहेरून दिसत नसतं, असं शास्त्रशुद्ध समजावून मी पिल्लू खोडलं. सोहमनं कागद उलटा करून मागं शोधलं. मग भोकाड पसरलं.

"गाभण बकरी रबरानं मोकळी केली की वो सर तुम्ही," बाई म्हणाल्या. "या वयात पोरं दिसतं ते नाय काढत. ठाऊक असतं ते काढतात." आता बकरीचं काय करायचं, हे त्यांनी सोहमलाच विचारलं. त्यानं डोळे पुसत पोटात दोन पिल्लं काढली.

मी धडा घेतला, की चित्राला कधी नावं ठेवायची नाहीत. तो धडा घेऊन थेट सातवीत गेलो. तिथं शाळेची चित्रकार म्हणून मिरवणारी रोहिणी स्वतःचा डावा हात काढत होती. बोटांच्या पार भेंड्या झालेल्या. मी म्हणालो, "वा, छान." तिनं कागद फाडला. उद्यापासून चित्रकलेच्या तासाला वाचनालयात बसणार आणि रंगपेटी भावाला देऊन टाकणार, असं शांतपणे सांगितलं.

बाई आधी पोटभर हसल्या. "औषधं बरोबर हायेत सर, बाटल्या बदलल्या. बाराव्या वर्षी डोळा लई पुढं पळतो, हात मागं राहतो. तिला दिसतंय की. तुम्ही छान म्हणून काय उपेग?"

मग त्या रोहिणीजवळ जाऊन बसल्या. "भेंड्याच झाल्यात," म्हणाल्या. रोहिणीनं चमकून वर पाहिलं. "बोटं राहू दे. दोन बोटांमधली मोकळी जागा कशी दिसते, तेवढीच काढ."

रोहिणी रागारागात एकेक फट काढत गेली. हळूहळू कागदावर हात उगवला. जरा वाकडा, पण हात. मी तोंड उघडणार, तोच बाईंनी माझ्या पायावर पाय दिला.

रोहिणीनं चित्र लांब धरून बराच वेळ पाहिलं. "अंगठा चुकलाय," ती म्हणाली आणि दुसरा कागद मागितला.

मी गठ्ठाच आणला.