आधी चहा धरा

समुद्रपूरच्या एसटी स्टँडसमोर शेतकऱ्यांना सरकारी हप्ता अंगठ्यावर काढून देणारा एक माणूस बसतो. टपरीएवढ्या त्याच्या दुकानात मी कित्येकदा गेलोय, नाव मात्र कधी विचारलं नाही. कापूस वेचून, निंदण करून झिजलेला अंगठा मशीन नाकारते, तेव्हा तो माणसाला कधीच दोष देत नाही. "मशीनले थंडी वाजून राह्यली," म्हणतो आणि स्वतःच्या पैशानं चहा मागवतो. चहा प्यायचा नंतर. आधी गरम ग्लास दोन्ही हातांत धरायचा, बोटं ऊबदार झाली की मग एकेक लावून बघायचं.

दिवाळीच्या सुमारास एका म्हातारीची नऊ बोटं हरली आणि डावी करंगळी जिंकली. "हे बोट जपजो, माय," तो म्हणाला.

पुढच्या हप्त्याला ती आली, तर करंगळीवर चिंधी बांधलेली. कापलं काय, मी विचारलं.

"नाई गा, जपून ठेवलं. नऊ बोटाईनं कापूस येचला."

मला हसू आलं. तो हसला नाही. देव्हाऱ्यातली वस्तू हाताळावी तशी त्यानं चिंधी सोडली, करंगळी मशीनवर टेकवली, आणि पहिल्याच खेपेला पैसे निघाले.

नोटा कनवटीला लावूनही म्हातारी उठेना.

"काय झालं, माय?"

"अन् माहा चहा?"

आता मात्र तो पोट धरून हसला, आणि हसतहसतच त्यानं समोर हाक मारून चहा सांगितला. म्हातारीनं ग्लास सवयीनं दोन्ही हातांत धरला. करंगळी तेवढी वर, चटका लागू नये म्हणून.