दुसरा वाचक

माझ्या वडिलांची, आबांची, नजर गेल्यापासून बारामतीच्या सरकारी ग्रंथालयातून मी त्यांच्यासाठी पुस्तकं आणतो. मी जळोचीत राहतो, ते शेळगावात माझ्या धाकट्या भावाकडे. रविवारी मी वाचून दाखवायचो, बाकी आठवडाभर भावजय.

गेल्या महिन्यात एक जाडजूड कादंबरी चालू होती. लढाईवर गेलेल्या नवऱ्याला शोधायला निघालेल्या बाईची. रविवारी मी पुस्तक उघडलं, तर आबा म्हणाले, "तू ऱ्हाऊ दे. तू बातम्या दिल्यागत वाचतोस. ती वाचती तवा माणसं म्होरं हुबी ऱ्हात्यात."

सगळे हसले. मीही हसलो. पण पुस्तक शोधायचं मी, आणायचं मी, आणि आबांचा चेहरा खुलायचा तिच्या आवाजानं, हे मला सोसलं नाही. निघताना पुस्तक पिशवीत टाकलं. "मुदत संपली, आबा. दुसऱ्या वाचकानं मागणी नोंदवलीय."

मागणी कुणाचीच नव्हती. मी मुदत वाढवून घेतली आणि पुस्तक घरी कपाटात ठेवलं.

पुढच्या रविवारी वेगळं पुस्तक नेलं. आबांनी ते चाचपलं आणि बाजूला ठेवलं. "त्या माणसाचं वाचून व्हायचंय का आजून?"

"व्हय."

"असू दे. बापड्याला रोज वेळ गावत नसंल. घाई नगं करू त्येला."

मला तिथं बसवेना. बाहेर आलो, तर गोठ्यापाशी भावजयीनं गाठलं. गुरांचं औषध आणायला ती बारामतीला गेली होती, तेव्हा त्याच पुस्तकासाठी नाव नोंदवायला ग्रंथालयात डोकावली होती.

"ते म्हणले, तुमच्याच आडनावाच्या माणसाकडं हाय." तिनं धारेची बादली खाली ठेवली. "दादा, दुसरा वाचक जळोचीचाच निघाला की!"

मी वाकून बादली उचलू लागलो.

"आबांस्नी म्या काय बोलले न्हाय. ते तुमी बघा."

त्याच संध्याकाळी पुस्तक घेऊन परत शेळगावला आलो आणि आबांना खरं ते सांगितलं. त्यांनी पुस्तक हातात घेऊन चाचपलं. मग म्हणाले, "म्हंजी एवढे दिस त्या बाईला तू कपाटात कोंडलीस व्हय रं? वाच गं पोरी."

ती वाचू लागली. माणसं खरंच समोर उभी राहिली, आणि माझा जळफळाट कमी व्हायचा तो वाढलाच. एका शब्दावर ती अडखळली. मी चटकन तो सांगितला.

आबांनी हात वर केला. "थांब की. तिचं ती वाचंल."