इचारून सांगतो, जी

जून २००६, पहिला सोमवार, दुपारी अडीच. जागा: मदतनीस बाईंच्या घराची सपरी, म्हणजे ओसरी. हजर: सरपंच, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि मी, पर्यवेक्षिका. गैरहजर: कोणी नाही.

विषय एकच. या सपरीत भरणारी अंगणवाडी नव्या इमारतीत कधी न्यायची? सरपंच म्हणाले, येत्या सोमवारी. ग्रामसेवक गोंदिया शहरातले. ते म्हणाले, "हो जायेगा मॅडम, टेन्शन कायले घेता?" सेविकेनं मान हलवली. मदतनीस बाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांनी ओले हात पदराला पुसले, उठल्या आणि त्यांचं नेहमीचं वाक्य बोलल्या, "इचारून सांगतो, जी."

आणि आत गेल्या.

हे वाक्य मी त्याआधी सहा वर्षं ऐकत होते. सारं गाव त्यांना काकी म्हणायचं, मीही म्हणायचे. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं ते लहान गाव. महिन्यातून दोनदा मी गोंदियाजवळच्या मुर्रीहून निघून, बस बदलून तिथं जायचे. हातात वही, वहीत कामांची यादी. काम झालं की खूण. दिवसाअखेर खूण नसलेलं काम उरलं तर मला चैन पडत नसे. अशा माणसाला काकींसारखी मदतनीस मिळावी, ही गंमतच.

कारण काकी प्रत्येक गोष्ट विचारून सांगायच्या. उद्या खिचडी की उसळ? विचारून सांगतो. वजनकाटा आत टांगायचा की बाहेर? विचारून सांगतो. आणि विचारायच्या कोणाला, तर आतल्या खोलीत खाटेवर पडलेल्या सासूला. म्हातारी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, घसरून पडली, खुबा मोडला आणि तेव्हापासून खाटेवरच होती. काकींचा नवरा कधीच गेला होता, मुलगी राजनांदगावला दिलेली. घरात या दोघीच. गाव म्हातारीला डोकरी म्हणे, काकी माय म्हणत.

एकदा मी पोलिओच्या डोसाची तारीख सांगायला गेले. रविवारी सकाळी आठपासून. काकी आत गेल्या, दोन मिनिटांनी बाहेर आल्या.

"माय म्हणते, रविवारीच पाजा."

"काकी, रविवार सरकारनं ठरवलाय. आख्ख्या देशात रविवार आहे."

"ठरवू द्या जी. घरात मोठं मानूस हाये, इचारावं लागते."

सेविका तोंडाला पदर लावून हसत होती. आतून डोकरीचा आवाज आला, "अवो, रविवारी सांगतलं ना! कितीदा सांगू?"

दुसऱ्या वेळी उसळीचा प्रश्न होता. डोकरीचं उत्तर कायमचं ठरलेलं: चण्याची. तिच्या स्वतःच्या तोंडात एक दात नव्हता. मी म्हटलं, "आजी, तुम्हाला चणे चावत नाहीत, मग चण्याचीच का सांगता?" ती म्हणाली, "मले नाई ना व चावत. पोट्ट्यायले दात हायेत, त्यायले खाऊ द्या. मी पानी पितो चन्याचं."

पोरांनाही तीच सवय लागली होती. पाटी हरवली, पाणी पडेल का, शेजारची बकरी कधी येते, सगळं खाटेपाशी जाऊन विचारायची. अर्ध्या प्रश्नांना डोकरीचं उत्तर असे, "तुया बापाले इचार." तरी पोरं जायची. तुम्हीही अशी घरं पाहिली असतील, जिथं खाटेवरच्या माणसाला सांगितल्याशिवाय बैल सुटत नाही.

एके दिवशी बसची वाट बघताना मी काकींना थोडं रागावूनच म्हटलं, "तुम्ही स्वतः काही ठरवत का नाही? तुम्हाला सगळं कळतं."

काकी म्हणाल्या, "कळते ना. म्हाताऱ्या मानसाले भूक लागत नाई, मॅडम. इचारलं का थोडी भांडते, मंग जेवते. नाई इचारलं तं ताट तसंच."

बस आली. मी चढले. त्या दिवशीच्या यादीत या बोलण्यासाठी ओळ नव्हती.

आमच्या कार्यालयात सल्ला हा शब्द नेहमी वरून खाली यायचा. आम्ही सेविकांना सल्ला द्यायचो, सेविका गरोदर बायांना. कोणी मागितलेला असो वा नसो. खालून वर यायचा तो फक्त कागदावर, तोही जोडशब्दात. कोणत्याही ठरावाच्या शेवटी एक वाक्य लागायचं: 'उपस्थितांशी सल्लामसलत करून सर्वानुमते ठरले.' हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलं होतं की बैठक सुरू होण्याआधीच लिहून मोकळी व्हायचे. मधली जागा नंतर भरायची. वेळ वाचतो.

तर त्या सोमवारी काकी आत गेल्या आणि लगेच परत आल्या.

"निजली हाये, जी. उठली का इचारून सांगतो."

सरपंचांना लग्नाला जायचं होतं. माझी बस साडेतीनची होती, त्यानंतरची थेट सहाला. मी म्हटलं, "काकी, उठवा ना मग."

"रातभर डोळा लागला नाई तिचा. आत्ताच निजली."

नवी इमारत गावाच्या दुसऱ्या टोकाला होती, नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, अलीकडे. रंगवलेली, पक्की, आणि तिथं लेकरांना दोन खोल्या मिळणार होत्या. न जाण्याचं कोणतंच कारण मला दिसत नव्हतं. डोकरी नको म्हणाली असती तरी आम्ही गेलोच असतो. मग थांबायचं कशाला? मी नोंदवही पुढे केली. सरपंचांनी सही केली, सेविकेनं केली. काकींनी एकदा आतल्या दाराकडे पाहिलं आणि अंगठा दिला. साडेतीनची बस मला मिळाली.

पुढच्या सोमवारी अंगणवाडी हलली. वजनकाटा, पाट्या, पातेली, चटया. सगळं यादीप्रमाणे, वाढायचा एक डावही हरवला नाही. वरच्या साहेबांनी शाबासकी दिली.

काकी आता सकाळी डोकरीपाशी ताट झाकून ठेवत, तांब्या भरून ठेवत आणि दहाला नव्या इमारतीत येत. घरी जाईपर्यंत तीन वाजत. सपरी रिकामी. पोरांचा रस्ता बदलला, त्यांचे प्रश्नही तिकडे गेले. जुलैत सेविका मला म्हणाली, "मॅडम, डोकरी जेवून नाई राहिली म्हणते काकी." मी लगेच सल्ला दिला. थोडं थोडं भरवा, पाणी जास्त द्या, आरोग्य केंद्रात दाखवा. तीन मुद्दे. काकींनी ऐकून घेतलं.

दाखवलंही. डॉक्टर म्हणाले, वय झालं.

धान कापायला आलं तेव्हा डोकरी गेली. काकी तीनला घरी पोचल्या तेव्हा ताट सकाळचंच झाकलेलं होतं.

मी भेटायला गेले, बसले, आले. पुढच्या महिन्यात नव्या इमारतीत गेले तेव्हा सहज विचारलं, "काकी, उद्या खिचडी की उसळ?"

"तुमी सांगा तसं, जी."

मला वाटलं, दुःख ताजं आहे. पण मग पुढच्या महिन्यातही तेच, त्याच्या पुढच्याही. काटा कुठं टांगू? तुमी सांगा तसं. डोसाचा रविवार? तुमी सांगा तसं. कामं झपाझप व्हायला लागली. माझ्या यादीवर खुणाच खुणा. काकी एका दिवसात मला हवी होती तशी मदतनीस झाल्या होत्या, आणि मला त्यांच्यासमोर बसवेना.

वर्षभरानं तपासणीसाठी मी जुनी नोंदवही काढली होती. काकी झाडू मारता मारता थांबल्या.

"यात माया अंगठा हाये ना? ते वाचून दाखवा."

मी वाचलं. शेवटचं वाक्य आलं. काकी म्हणाल्या, "सल्लामसलत म्हंजे काय जी?"

"म्हणजे... सगळ्यांना विचारून ठरवलं, असं."

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्या दिवशी माय चार वाजता उठली होती," त्या म्हणाल्या. "मी इचारलं तिले. नाई नव्हती म्हणत ती. म्हणे, चांगली जागा हाये, लेकरायले सावली होईन. माई खाट बी तिकडं नेता का, इचार मॅडमले."

"मग सांगितलं का नाही मला?"

"तुमी लिवून गेल्या होत्या ना, जी."

आणि झाडू उचलून पुन्हा मारायला लागल्या. मी नोंदवही हातात धरून बसून राहिले. खाट नियमात बसली नसती. पण इमारतीला व्हरांडा होता. चांगला रुंद. तेव्हाही तिथं रिकाम्या पोत्यांखेरीज काही नव्हतं.

२०११ साली काकी निवृत्त झाल्या. निरोपाला साडी-नारळ दिलं. दोन शब्द बोला म्हटलं तर म्हणाल्या, "तुमी बोला." आठवडाभरात मुलगी येऊन राजनांदगावला घेऊन गेली. त्यानंतर मी गावात गेले तेव्हा घराला कुलूप होतं. सपरीत भिंतीला खाट उभी करून ठेवली होती, सुंभ सैल झालेली. अंगणवाडीतून आता शाळेत गेलेली दोन पोरं तिच्या मागं लपाछपी खेळत होती. त्यातल्या एकानं मला विचारलं, "मॅडम, काकी कधी येते?" मी म्हणाले, विचारून सांगते.

माझ्या वहीची एक पद्धत आहे. राहिलेलं काम खोडायचं नाही, नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवायचं. त्या जूनच्या सोमवारी बैठक चालू असताना मी घाईत चौथी ओळ लिहिली होती: 'मदतनीस, सासूबाईंना विचारून सांगणार.' पहिल्या तीन ओळींपुढे खुणा आहेत. चौथी दर वर्षी उतरवत आले. काकी गेल्यावर तिच्याखाली एक ओळ वाढली: 'राजनांदगावला जाऊन काकींना भेटणे.' पत्ता सेविकेकडून घेतला आहे. गोंदियाहून गाड्या रोज आहेत, त्यांच्या वेळाही लिहून ठेवल्या आहेत. या वर्षीच्या वहीतही दोन्ही ओळी उतरवल्या. दोन्हींच्या पुढची जागा कोरी आहे.